आम्ही कुणाला लोणी लावत नाही

१२ जानेवारी

दुकान उघडलं. गर्दी झाली असं म्हणवत नाही, पण रिकामंही राहिलं नाही. पूर्वी या जागेत सायकल दुरुस्ती चालायची, त्यामुळे सकाळी तिघे जण पंक्चर काढायला आले. दोघे बिस्किटं घेऊन गेले. तिसरा सायकल भिंतीला टेकवून बराच वेळ वास घेत उभा राहिला आणि म्हणाला, निदान हवा तरी भरून द्या. पंप नव्हता म्हणून त्याला एक बन दिला. खाऊन झाल्यावर सायकल ढकलत खुशीत गेला.

रोज चार ओळी लिहायची सवय गावच्या शाळेत मास्तरांनी लावली होती. पावाच्या कारखान्यात लागलो आणि ती सुटली. तिथे सगळं यंत्र करायचं, माणसाने लिहावं असं काही उरायचं नाही. कारखाना बंद झाला आणि पन्नाशीच्या तोंडावर मी स्वतःची भट्टी घेतली. हिचं म्हणणं, लोक या वयात कंबरेला पट्टा घेतात, तुम्ही भट्टी घेतलीत.

आमच्याकडे दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही, मध नाही. लोकांना सांगतो, पोटाला हलकं असतं. खरं कारण लहान आहे. लहानपणी शेजारच्या गोठ्यात धार काढायच्या वेळी वासराला दोरीने मागे धरून ठेवायचं काम माझ्याकडे असे. ते माझ्याकडे बघत राहायचं. दुसऱ्याच्या तोंडचं न काढता, देवाचं नाव घेऊन चार माणसांचं पोट भरता येतं का, एवढंच एकदा पाहायचं होतं. हे दुकानात सांगितलं तर मी संत असल्यासारखं वाटेल, म्हणून इथे लिहिलं.

मेहुणा म्हणाला, याला व्हीगन म्हणतात भावोजी, आणि त्याला भाव आहे. तो गल्ला सांभाळतो. जरा उंच जागा मिळाली की भाषण करतो म्हणून आम्ही त्याला पुढारी म्हणतो. दुकानाची पाटी त्यानेच रंगवून घेतली, निळ्यावर पांढरी अक्षरं: आम्ही कुणाला लोणी लावत नाही.

लोक वाचतात, हसतात आणि हसल्यावर आत येतात. पाटीचा उपयोग आहे हे मान्य केलं पाहिजे.

१९ जानेवारी

सासूबाई आल्या, कायमच्या. शेवटची गाय विकून आल्या. सासरे गेल्यावर हिला आणि पुढाऱ्याला त्यांनी लोण्यावर वाढवलं. पहाटे घुसळायचं आणि टोपली डोक्यावर घेऊन घरोघर विकायचं. अशा बाईला मी कोणत्या तोंडाने माझं दुकान दाखवणार? पुढाऱ्याने मात्र छाती काढून पाटी वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि हिला विचारलं, "म्हणजे लोकांना कोरडंच देतात?"

हिने समजावलं की आम्ही ओट नावाच्या धान्याचं दूध वापरतो. सासूबाई म्हणाल्या, "ओटला आचळ कुठे असतं?"

मी पीठ चाळत होतो. हसू आलं ते चाळणीत लपवलं. आम्ही सासू-जावई एकमेकांशी थेट बोलत नाही. भांडण मुळीच नाही, मान आहे. मी हाताच्या अंतरावर बसलेला असलो तरी त्या हिला सांगतात, जावईबापूंना विचार, चहा घेणार का. मीही हिलाच सांगतो, घेईन म्हणावं. ही मध्ये उभी राहून दोघांकडे बघते आणि चहा ओतते.

२५ जानेवारी

सासूबाईंना हात स्वस्थ ठेवता येत नाहीत. आज हिच्याकरवी निरोप आला की बनच्या साच्यांना तेलाचा हात लावायचं काम त्यांना हवंय. या वयात पहाटे कशाला उठायचं, नको म्हणावं, असं मी कळवलं. परत निरोप आला, जन्मभर पहाटेच उठलेय म्हणावं. आम्ही दुकानावरच्याच खोल्यांत राहतो, जिना उतरला की भट्टी. कामात मन रमेल म्हणून हो म्हटलं.

त्या माझ्याआधीच खाली येतात. मी येतो तेव्हा साचे ओळीने चकचकीत तयार असतात. कारखान्यात इतका सारखा हात यंत्रालाही जमत नव्हता.

३ फेब्रुवारी

एक नाजूक गोष्ट. सासूबाई शालीच्या आड एक लहान पितळी डबी बाळगतात. मी आत आलो की चटकन झाकतात. तपकीर असावी. वयस्क बायकांना असते ही सवय, आमची आत्या ओढायची. पण पिठाजवळ तपकीर बरी नाही. एकीकडे हे बोलायला हवं, दुसरीकडे जावयाने सासूला तपकिरीबद्दल कसं विचारायचं? हिलाही सांगवेना. म्हणजे मी तिच्या आईवर पाळत ठेवतो असं होईल. शेवटी एवढंच केलं, पिठाच्या डब्यांना घट्ट झाकणं आणली.

१० फेब्रुवारी

साच्यातल्या बनला काहीतरी झालंय. चांगलंच झालंय. कड सोनेरी येते, खाली किंचित कुरकुरीत, आणि भट्टीचं दार उघडलं की असा वास येतो की रस्त्यावरची माणसं मान वळवतात. मी कृतीत एकच बदल केला होता, कणीक जास्त वेळ झाकून ठेवू लागलो. त्यानेच असेल. किंवा निव्वळ कृपा असेल. आज भट्टीसमोर उभा असताना डोळे भरून आले. इतकी वर्षं मी यंत्राचं बटण दाबलं, आणि आता या हातांतून हे निघतंय.

तिकडे वर हिची आणि पुढाऱ्याची जुंपली होती. पुढारी खाली व्हीगनचा प्रचार करतो आणि वर येऊन पावाला लोणी फासून खातो. ते आम्हाला माहीत आहे, आम्ही कानाडोळा करतो. पण हिचं म्हणणं, हल्ली लोण्याचं पाकीट आणलं की संपतं. तो शपथेवर सांगत होता की मी पूर्वीइतकंच खातो. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, बाबा रे, पोटाकडे बघ आणि कबूल करून टाक. तो दुपारपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

२१ फेब्रुवारी

वर्तमानपत्रात आमच्यावर लिहून आलं. खाण्यापिण्याच्या सदरात, फोटोसकट. ती बाई कधी येऊन खाऊन गेली कळलंही नाही. मथळा: लोण्याशिवाय लोण्याचा सुगंध. "हे कसं साधलं ते कोडंच आहे," असं तिने लिहिलंय.

सकाळी रांग कोपऱ्यावरून वळली. दुपार व्हायच्या आत फळ्या रिकाम्या झाल्या. पुढारी स्टुलावर उभा राहून लोकांना उद्या यायची विनंती करत होता, आणि त्याला आयुष्यात प्रथमच ऐकणारी माणसं मिळाली होती.

सासूबाईंनी तो लेख हिच्याकडून दोनदा वाचून घेतला. "लोण्याचा सुगंध" आला तिथे शालीत तोंड लपवून हसल्या. जावयाचं कौतुक त्यांना इतकं वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

२८ फेब्रुवारी

स्टेशनजवळच्या मोठ्या हॉटेलची मालकीण आली होती. हॉटेलात सकाळच्या नाश्त्याला फक्त आमचे बन ठेवायचे म्हणते, एप्रिलपासून. कड बोटाने मोडून नाकाशी नेली आणि म्हणाली, बाकी सगळे करतात ते व्हीगन कागदासारखं लागतं, तुमचं अन्नासारखं लागतं.

पुढारी लगेच दुसऱ्या दुकानाची जागा बघायला निघाला. त्याच्या हिशेबी यश म्हणजे शाखा. हिच्या हिशेबी यश म्हणजे मी झोपेत पीठ मळणं थांबवेन तो दिवस. माझ्या हिशेबी काय, ते सांगता येत नाही. लोक हातात बन घेतात आणि पहिला घास खाताना बोलायचे थांबतात. ते बघायला मला आवडतं. त्याला यश म्हणतात का?

४ मार्च

मागच्या गल्लीतली शिंपीण आली. तिची लहान लेक निळ्या स्वेटरात तिच्यामागे लपलेली. या मुलीला दूध सोसत नाही, दुधाचा अंश पोटात गेला तरी अंगावर पित्त उठतं. दुकान उघडल्यापासून त्या दोघी नेमाने येतात, कारण मुलीला दुकानात बसून निर्धास्त खाता येईल अशी ही एकच जागा. आज शिंपिणीने मुलीची बाही वर करून दाखवली. लाल चट्टे, खाजवून सोललेले. साच्यातला बन खायला लागल्यापासून होतंय म्हणाली.

मला राग आला, हे लिहिलं पाहिजे. मी म्हटलं की माझ्या दुकानात दुधाचा थेंब येत नाही. जरा चढ्या आवाजातच म्हटलं.

ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही खोटं बोलत नाही हे मला कळतंय हो. पण हिच्या अंगावर उठलंय तेही खरं आहे ना?"

साच्यातले बन देऊ नका, नुसत्या पत्र्यावर भाजलेला पाव तेवढा द्या, असं सांगून तिने तो घेतला. मुलगी जाताना बनकडे वळून वळून बघत होती.

५ मार्च

तेलवाल्याकडे जाऊन भांडलो. तेलात भेसळ करतोस म्हटलं. त्याने माझ्यासमोर डबा फोडून घोटभर तेल प्यायलं आणि तोंड पुसून म्हणाला, आता तुम्ही तुमच्या घरात बघा. पिठवाल्याकडेही गेलो. तोही शुद्ध निघाला. पुढाऱ्याला विचारलं, लोण्याचे हात न धुता बन हाताळतोस का? तो म्हणाला, मी गल्ला हाताळतो, बन चिमट्याने देतो, आणि लोणी मी खातो त्याहून जास्त संपतं हे तुम्हाला किती वेळा सांगू.

साचे धुतलेले होते. सगळं जागच्या जागी होतं.

६ मार्च

आज मी नेहमीपेक्षा लवकर खाली आलो. दार अर्धवट लोटलेलं होतं. सासूबाई पाठमोऱ्या. समोर साच्यांची ओळ, बाजूला ती पितळी डबी, झाकण उघडं. दोन बोटांवर लोणी घेऊन साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांत फिरवत होत्या. लहान बाळाच्या टाळूवर तेल जिरवतात तसं. काहीतरी पुटपुटतही होत्या, आशीर्वादासारखं.

मी पायरीवरून तसाच मागे फिरलो. वर जाऊन हिला उठवलं आणि सांगितलं. ही आधी हसली, इतकी की उशीत तोंड खुपसावं लागलं. मग मी मुलीच्या हाताचं सांगितलं, आणि उशीतून डोकं वर काढलं तेव्हा ती हसत नव्हती.

तीच खाली गेली. मी जिन्यात थांबलो. सासूबाईंनी लपवालपव केली नाही. जावयाचं दुकान आहे, लोकांना कोरडं घातलं तर म्हणतील हात आखडता आहे, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या घरात कोरडा तुकडा फक्त वाईट दिवसांत खाल्ला होता, आणि ते दिवस त्यांनी पोरांना विसरायला लावले होते. लोणी त्या पुढाऱ्याच्या पाकिटातून घेत. तो पोटाने सुटलाय, त्याला तेवढं कमीच बरं, हाही एक हिशेब होता.

हिने मुलीचं सांगितलं.

"कुठली? निळ्या स्वेटरातली?"

हिने हो म्हटलं. मग कळलं. ती पोर वाळकी दिसते म्हणून सासूबाई एक साचा तिच्यासाठी वेगळा ठेवत आणि त्याला दुप्पट हात लावत.

मी जिन्यात खाली बसलो. जी कड मी कृपा समजून डोळे पुसत होतो, ती लोण्याची होती. तपकिरीबद्दल विचारायला लाजलो नसतो तर महिन्यापूर्वीच कळलं असतं. पण हे मागाहून सुचलेलं शहाणपण.

आज दुकान उघडलं नाही.

७ मार्च

घरात बैठक बसली. सासूबाई आतल्या खोलीत, दार लावून. पुढारी म्हणाला, आजपासून लोणी बंद, विषय बंद. कोणाला कळणार? हॉटेलची मालकीण हातची जाईल, पेपरवाली उलटं छापेल. त्याच्या बोलण्यात दम होता आणि तो पहिल्यांदाच खाली बसून बोलत होता.

मी म्हटलं, कळणार नाही हे बरोबर. पण ज्या माणसांनी आमच्या तोंडच्या शब्दावर आपलं पोर सोडलं होतं, त्यांना उद्या बन देताना मी कुठे बघू?

दुपारी शिंपिणीच्या दुकानात गेलो. तिने यंत्र थांबवलं नाही. मी सगळं सांगितलं, कोणी केलं तेवढं सोडून. शिवण संपल्यावर तिने दोरा तोडला आणि म्हणाली, "ओरडायला मला वेळ नाही. पण हिला नेता येईल अशी दुसरी जागा मला माहीत नाही, म्हणून येत होते. आता तीही राहिली नाही, एवढंच."

ओरडली असती तर बरं झालं असतं.

८ मार्च

दारावर कागद लावला, माझ्या अक्षरात: आमच्या साच्यांना गेले काही आठवडे लोणी लागत होतं. आम्हाला ते माहीत नव्हतं, माहीत असायला हवं होतं. ज्यांना दूध चालत नाही त्यांची माफी मागतो. दुरुस्ती होईपर्यंत दुकान बंद.

पुढारी कपाळाला हात लावून बघत होता. वर पाटी, आम्ही कुणाला लोणी लावत नाही, आणि खाली हा कागद. "लोक हसून मरतील, भावोजी."

ही म्हणाली, "हसले तर हसू दे. रडवण्यापेक्षा बरं."

संध्याकाळपर्यंत कोणीतरी खडूने दारावर लिहून गेलं होतं: अखेर लागलंच! अक्षर सुरेख होतं. मी पुसलं नाही. काही जण दार वाजवून रागावून गेले. एकाने आम्हाला ढोंगी म्हटलं, तेही ऐकून घेतलं. हॉटेलच्या मालकिणीचा फोन आला. ती सभ्य बाई आहे, तिने फक्त विचारलं, मग लोण्याशिवाय तो बन होतो की नाही? मी म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, माहीत झालं की कळवा, आणि ठेवला.

९ मार्च

सासूबाईंनी पिशवी भरली आहे. गावी पुतण्याकडे सोडा म्हणतात. जेवायला बाहेर येत नाहीत. मी हिला म्हटलं, जाऊ नका म्हणावं. परत निरोप आला, माझ्या हातांचा आता भरवसा नाही म्हणावं.

जुने साचे काढून टाकले, लोणी त्यांच्या अंगात मुरलं होतं. नवे आणले. साध्या तेलावर बन भाजले. चांगले होते. चांगले म्हणजे कोणाच्या लक्षात न राहणारे.

दुकान गेलं तर मी कुठेतरी पाव भाजत राहीन. पण ही बाई जन्मभर लोकांना तृप्त करत आली, आणि आता स्वतःच्या हातांकडे बघत नाही. तिला असं परत पाठवलं तर माझ्या भट्टीला काय अर्थ उरला? म्हणून आज एक केलं. नव्या साच्यातला एक बन बशीत ठेवला आणि हिला दिला. कसा झालाय विचार म्हणावं.

बशी परत आली. एक घास तोडलेला. निरोप: नाही.

१३ मार्च

चौथ्यांदा की पाचव्यांदा नाही. तिळाचं तेल लावलं: नाही. नारळाचं लावलं: अंगाला लावायचं ते पावाला का लावलं म्हणावं. ओट भाजून वाटून लावले: हे बरंय, पण हे काहीतरी दुसरंच आहे म्हणावं. ही जिन्यावरून चढउतार करून वैतागली. म्हणाली, तुम्ही दोघं एकदाचे बोला, नाहीतर मला पगार द्या.

पण मी एक पाहिलं. पिशवी कालपर्यंत दाराशी होती, आज कॉटखाली आहे.

१५ मार्च

आज बशीबरोबर जास्तीचा निरोप आला. गोड साय घुसळली तर लोण्याला वास नसतो म्हणावं. आधी ती आंबू द्यायची, मग घुसळायची.

हे ऐकून मी भट्टीसमोर किती वेळ उभा होतो कोण जाणे. आंबवण तर माझ्याच हातात आहे. रोज सकाळी कालच्या कणकेचा गोळा आजच्या कणकेत घालतो तोच. काजू भिजवले, पाणी घालून सायीसारखे गुळगुळीत वाटले, त्यात आंबवणाचा चमचा ढवळला आणि फडक्याने झाकून भट्टीच्या उबेला ठेवलं. देवाला म्हटलं, मी कृपा ओळखण्यात एकदा चुकलोय, या वेळी तूच सांग.

१६ मार्च

आंबलं. फडकं काढल्यावर वास आला तो ताकाच्या जवळचा, पण दुसऱ्याच कुळातला. त्यात मीठ आणि तेल फेटलं. नव्या साच्याला लावलं, कोपरे सोडले नाहीत. भाजताना दाराशी कोणीतरी थांबलं. तो पहिल्या दिवशीचा सायकलवाला होता. विचारत होता, उघडलं का?

बन बशीत घालून वर पाठवला. मी खाली वाट बघत राहिलो.

बशी परत आलीच नाही.

२० मार्च

उद्या उघडायचं. दारावरचा कागद तसाच राहू द्यायचा आणि खाली लिहायचं की साचे बदलले, आता काजू लावतो, ज्यांना काजू चालत नाही त्यांनी पत्र्यावरचा पाव घ्यावा. तो मजकूर ही मोठ्याने वाचून बघत होती. सासूबाईंच्या कानावर वरचा माफीचा मजकूर आज प्रथमच पडला. दार उघडून बाहेर आल्या आणि भिंतीकडे बघून बोलल्या, पण आवाज माझ्यासाठीच होता.

"आम्हाला माहीत नव्हतं म्हणजे कोणाला? ज्याला माहीत होतं त्याचं नाव कुठे आहे? मी काय तान्ही आहे, माझं दुसऱ्याने आपल्या अंगावर घ्यायला?"

हिने समजूत घालायचा प्रयत्न केला. उपयोग झाला नाही. उद्या त्या गल्ल्याशेजारी बसणार आहेत. पुढाऱ्याला खुर्ची हलवावी लागणार.

२१ मार्च

पाच-दहा माणसं येतील असं धरलं होतं. दार उघडलं तर खडूवाल्यासकट अर्धी गल्ली उभी. खडूवाला कोण ते त्याच्या हसण्यावरून कळलं, तो शाळेतला चित्रकलेचा मास्तर निघाला.

सासूबाई स्वच्छ धुतलेले हात मांडीवर ठेवून बसल्या. येईल त्याला सांगत होत्या की लोणी मी लावलं, यांना माहीत नव्हतं, आता लावत नाही. तक्रार नाही, रडणं नाही, टोपली विकताना भाव सांगावा तसा आवाज. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, बाई, मला तर ते आवडायचं. त्यांना उत्तर मिळालं, मग तुम्ही घरी लावून खा, इथे पोरं येतात.

मग शिंपीण आली. एकटी. रांगेत उभी राहिली, कोणी वाट दिली तरी पुढे आली नाही. तिची पाळी आल्यावर सासूबाई उठून उभ्या राहिल्या.

"मीच लावत होते. तुझ्या लेकीच्या बनला जास्तच. ती वाळकी म्हणून."

शिंपिणीने विचारलं, आता काय लावता? सासूबाईंनी काजूपासून मिठापर्यंत सगळं सांगितलं आणि मग दोन्ही हात पुढे केले, तळवे वर करून. शिंपीण थोडी वाकली आणि तिने ते खरोखर हुंगले. एक हात, मग दुसरा. बराच वेळ. सरळ होऊन तिने एक बन मागितला. पैसे मोजून दिले आणि गेली. हसली नाही. मला तेही बरोबर वाटलं.

२५ मार्च

शिंपीण आली, लेकीला घेऊन. मुलीने स्वतःच दोन्ही बाह्या वर करून दाखवल्या, चट्टे नाहीत. पहिल्या दिवशी चिमूटभर दिला, मग चतकोर, मग अर्धा, असं आई म्हणाली. आता पोर खिडकीत बसून पूर्ण बन खात होती आणि पाय हलवत होती. शिंपिणीने सासूबाईंना शालीची सुटलेली कड शिवून देते म्हणून सांगितलं. त्यांनी शाल काढून दिली.

हॉटेलची मालकीण स्वतः आली तेव्हा फळी रिकामी होती. पुढाऱ्याने घाईघाईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, उद्या. ती म्हणाली, बनवाले, मी महिनाभर थांबलेय, अजून एक दिवस थांबेन, पण उद्या रांगेत माझा नंबर पहिला. आणि एप्रिलचं काय? मी म्हटलं, कळलं आता, लोण्याशिवाय बन होतो. ती हसली. दुसरं दुकान मात्र नको म्हणून मी पुढाऱ्याला सांगितलं. दुसऱ्या दुकानात हात हुंगायला द्यायला कोण बसणार? त्याला पटलं नाही, पण तो स्टुलावर चढला नाही.

सगळं विकलं गेल्यामुळे दुपारी आम्हालाच काही उरलं नव्हतं. पत्र्याच्या डाव्या कोपऱ्यातला एक पाव जास्त भाजला होता म्हणून बाजूला पडला होता. हिने त्याचे तुकडे केले आणि बशी मध्ये ठेवली. पुढारी वरून लोणी आणायला उठला, तर वर काही शिल्लकच नव्हतं. सासूबाईंनी एक तुकडा उचलला आणि कोरडाच खाल्ला, सावकाश, कडेपर्यंत. मग बशीकडे हात नेऊन दुसरा घेतला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, खाताना कोणी बघतंय असं त्यांना वाटू नये म्हणून. पहाटेपासून बसून होत्या, भूक लागली असणार.